जुन्या वारसा इमारतीवर सोलर पॅनेल नजरेला न खुपता बसवता येतात का?

येतात की! आधी रस्त्यावर उभं राहून छताचा कुठला भाग दिसतच नाही ते बघा. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर कॅथीड्रलच्या छतावर २०१६ पासून दीडशे पॅनेल आहेत, पण कठड्याआड असल्याने खालून कळतही नाही.

छप्पर उतरतं असेल तर पॅनेल त्याच उताराला धरून बसवा, पाय लावून उचलू नका. डोळ्यात खरी खुपते ती निळी झाक आणि ॲल्युमिनियमची चंदेरी चौकट. काळ्या चौकटीचे, पूर्ण काळे मोनो (मोनोक्रिस्टलाइन, म्हणजे सिलिकॉनच्या एकसंध स्फटिकाचे) पॅनेल घ्या.

इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या अवशेषांत कौलासारखे दिसणारे सोलर कौल वापरलेत. सुरेख दिसतात, पण लाल रंग दिसतो म्हणजे तेवढा प्रकाश परत फिरतो, साहजिकच वीज कमी. मी तरी मागच्या उतारावर साधे काळेच लावेन.