तुझा आकडा वेगळा येतोय म्हणून तो बदलू नकोस

तुझा मेल वाचला, लगेच उत्तर देणार होतो पण दोन ओळीत संपणारा विषय नाही म्हणून थांबलो. आधी मनापासून अभिनंदन! पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी आंतरराष्ट्रीय बेंचमार्कच्या (एकाच टेस्टचं उत्तर सगळ्यांनी आपापल्या कॉम्प्युटर कोडने काढायचं आणि मोजमापाशी ताडायचं, त्या कामाच्या) ग्रुपमध्ये नाव येणं ही साधी गोष्ट नाहीये, आणि तेही सोडियम रिअ‍ॅक्टरच्या नॅचरल सर्क्युलेशनसारख्या विषयात, म्हणजे पंप बंद असताना कोअर थंड करणारं वितळलेलं सोडियम गरम-गार फरकाने आपोआप कसं वाहतं त्या विषयात, जिथे जगभर मिळून काम करणारी माणसं तशी मोजकीच आहेत आणि बहुतेक सगळे एकमेकांना ओळखतात.

आता तुझा प्रश्न. ब्लाइंड रिझल्ट, म्हणजे मोजलेले आकडे न बघता काढलेलं उत्तर, द्यायची तारीख जवळ आलीये, मीटिंगमध्ये ज्या टीम्सनी सुरुवातीचे ग्राफ दाखवले त्यांच्यापेक्षा तुझं पीक टेम्परेचर बरंच वर जातंय, आणि लॅबमधला सीनियर म्हणतो की प्रेशर ड्रॉपचे (प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचे) कोएफिशंट जरा हलव, कर्व्ह बसेल सगळ्यांच्या शेजारी. हलवू नकोस. चूक सापडली तर दुरुस्त कर, ते वेगळं, युनिट चुकलंय, मेश (गणितासाठी पाडलेली जाळी) खराब आहे, इनपुटमध्ये एखादी लांबी उलटसुलट पडलीये, हे सगळं रात्र रात्र बसून तपास. पण कारण सापडत नाही आणि फक्त शेजाऱ्यांशी जुळत नाही म्हणून आकडा ओढायचा, हे करू नकोस.

का ते सांगतो. ईबीआर-२ तुला माहितीच आहे, अमेरिकेतल्या आयडाहोमधला, सोडियमवरचा, ६२.५ मेगावॉट थर्मल, मेटल फ्युएलवाला. ३ एप्रिल १९८६ ला तिथे फुल पॉवरवर असताना पंप बंद केले आणि शटडाउन सिस्टीम मुद्दाम बाजूला ठेवली, म्हणजे कंट्रोल रॉड आत पडणारच नाहीत. सोडियम तापलं, कोअरमधलं, म्हणजे गाभ्यातलं, स्टील आणि इंधन उष्णतेने प्रसरण पावलं, न्यूट्रॉन जास्त निसटायला लागले आणि पॉवर आपोआप खाली आली, कुणी हात न लावता, इंधनाला काही न होता. त्याच दिवशी नंतर दुसरी टेस्ट केली, उष्णता बाहेर काढणारी बाजूच बंद करून, तीही पार पडली. त्याच महिन्याच्या २६ तारखेला चेर्नोबिल झालं आणि जगाचं सगळं लक्ष तिकडे गेलं. पंचवीसेक वर्षांनी आयएईएने (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने) त्या पंप बंदच्या टेस्टचा डेटा घेऊन बेंचमार्क केला, ११ देशांतल्या १९ संस्था होत्या, आपलं कल्पाक्कमचं अणुसंशोधन केंद्र आयजीसीएआरही होतं. पद्धत तुमच्यासारखीच, आधी फक्त सुरुवातीची स्थिती, भूमिती आणि पंप कसे थांबले एवढंच द्यायचं, सगळ्यांनी आपापलं उत्तर जमा करायचं आणि मगच मोजलेलं टेम्परेचर उघडायचं.

ईबीआर-२ च्या कोअरमध्ये दोन सबअसेंब्लींमध्ये (कांड्यांच्या षटकोनी डब्यांमध्ये) मोजमापाची खास सोय होती, एक्सएक्स-०९ आणि एक्सएक्स-१०. पहिलीत इंधन होतं. दुसरीत इंधन नव्हतं, स्टीलच्या कांड्या होत्या. आता तूच विचार कर, जिच्यात स्वतःची उष्णता जवळजवळ नाहीच ती कशाने तापणार? शेजारच्यांमुळे. षटकोनी डब्यांच्या भिंतीतून आणि मधल्या फटीतल्या सोडियममधून उष्णता इकडून तिकडे जाते, पंप चालू असताना त्याचं फारसं काही वाटत नाही पण प्रवाह दोन-चार टक्क्यांवर आला की तीच गोष्ट मोठी होते. प्रत्येक सबअसेंब्ली म्हणजे एकटी नळी असं धरून चाललं तर एक्सएक्स-१० जमतच नाही. कोडमध्ये नेमकं काय राहून गेलंय ते इथे उघडं पडतं. ब्लाइंड फेजमध्ये प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बघून आपला कर्व्ह सरकवला असता तर हे कधी दिसलंच नसतं, सगळ्यांचं एकमेकांशी जुळलं असतं आणि रिअ‍ॅक्टरशी कुणाचंच जुळलं नसतं.

म्हणून जमा कर, जसाच्या तसा, पण एकटा आकडा देऊ नकोस. सोबत सगळी गृहीतकं लिही, स्वच्छ, एखाद्या तिऱ्हाईताला तुझं मॉडेल परत उभं करता येईल इतकी. भिंतीतून जाणारी उष्णता धरली का, पंप थांबल्यावरचा रेझिस्टन्स कुठून घेतला, आउटलेट प्लेनम (कोअरच्या वरचा सोडियमचा साठा) एकच मोठा व्हॉल्यूम धरला की त्यात थर होऊ दिले, डिके हीटचा (बंद झाल्यावरही उरणाऱ्या उष्णतेचा) कर्व्ह कुठला. तुझा आकडा चुकीचा निघाला तरी ही यादी असेल तर तो कामाचा आहे, आणि बरोबर निघाला पण यादी नसेल तर त्यातून कुणाला काही शिकता येत नाही, तुलाही नाही.

आणि बेंचमार्कचं स्पेसिफिकेशन परत वाच. खरंच परत वाच. जपानच्या मोंजूची गोष्ट सांगतो, तोही सोडियमवालाच. १९९५ च्या डिसेंबरमध्ये तिथे साधारण चाळीस टक्के पॉवरवर प्लँट ट्रिपची (अचानक बंद पाडण्याची) टेस्ट झाली होती, वरच्या प्लेनममध्ये गरम आणि गार सोडियमचे थर कसे लागतात ते मोजलेलं. पुढे आयएईएच्या प्रोजेक्टमध्ये बऱ्याच देशांनी तो प्लेनम थ्रीडीमध्ये सोडवला, आपल्याकडूनही केलं गेलं, आणि वाद कशावर आला माहितीये का, आतल्या सिलिंडरला जी प्रवाहाची भोकं आहेत त्यांच्या कडा धारदार धरायच्या की गोलसर. एवढीशी गोष्ट! पण कड गोलसर असेल तर भोकातून जास्त सोडियम निघून जातं, आणि मग थराची रेघ किती वेगाने वर चढते ते बदलतं. लाखो सेलची मेश आणि भारी टर्ब्युलन्स मॉडेल घेऊन बसलेल्यांना शेवटी एका कडेने अडवलं. तर तुझ्या स्पेसिफिकेशनमध्ये अशा कडा कुठे आहेत ते शोध आणि यजमान संस्थेला लेखी विचार. थर्मोकपल (टेम्परेचरचा सेन्सर) प्रवाहाच्या मध्ये आहे की भिंतीला चिकटून, ते नक्की विचार, ईबीआर-२ मध्ये आउटलेटच्या झेड-पाइपच्या तोंडाशी मोजलेलं टेम्परेचर जुळवताना बऱ्याच जणांना त्रास झाला तो असल्याच कारणांनी. विचारायला लाजायचं नाही. आपल्याकडची मुलं मीटिंगमध्ये फार गप्प बसतात, बाहेरचे लोक त्याचा अर्थ यांना सगळं कळलंय असा घेतात आणि पुढे जातात.

मोंजूचा विषय निघालाच आहे तर, ती टेस्ट झाली त्याच महिन्यात, ८ डिसेंबरला, तिथे सेकंडरी लूपमधून सोडियम गळलं, साधारण ६४० किलो. कारण, टेम्परेचर मोजायला पाइपमध्ये घुसवलेला थर्मोवेल. त्याची जाडी एका ठिकाणी एकदम कमी होत होती, त्याच्यामागे सुटणाऱ्या भोवऱ्यांमुळे तो थरथरत राहिला आणि त्या पायरीशी तुटला. त्यावर त्यांच्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या सोसायटीने पुढे थर्मोवेल डिझाइनसाठी गाइडलाइन काढली. पण लोकांचा विश्वास गेला तो गळतीपेक्षा जास्त, गळतीचा व्हिडिओ कापून दाखवला म्हणून. १९९४ ला क्रिटिकल झालेला (साखळी अभिक्रिया सुरू झालेला) रिअ‍ॅक्टर, २०१६ ला कायमचा बंद करायचं ठरलं, मधल्या काळात जेमतेम चालला. उलट रशियनांनी बीएन-६०० च्या २७ सोडियम गळत्या मोजून सांगितल्या, त्यातल्या १४ वेळा आग लागली हेही सांगितलं, आणि तो रिअ‍ॅक्टर १९८० पासून वीज देतोय. ज्याने जितकं उघड लिहिलं तितकं बाकीच्यांना वापरता आलं, हे मला या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं देणं-घेणं वाटतं. फ्रान्सच्या फेनिक्सचंच बघ, १९८९-९० मध्ये चार वेळा रिअ‍ॅक्टिव्हिटी (साखळी अभिक्रियेचा जोर) अचानक खाली जाऊन तो आपोआप बंद पडला, आणि सगळ्यांना पटेल असं कारण अजून मिळालेलं नाही. २००९ मध्ये वीज देणं थांबवल्यावर, कायमचं बंद करायच्या आधी, त्यांनी त्यावर एंड ऑफ लाइफ टेस्ट केल्या आणि काहींचा डेटा बाकीच्या देशांना दिला. मरणाऱ्या रिअ‍ॅक्टरवरून इतकं काढून घेतलं त्या लोकांनी! तू ते रिपोर्ट वाच, फक्त तुझ्या चॅप्टरपुरते नको, पूर्ण वाच.

आता तू जे शेवटी घाईघाईत लिहिलंयस, की राजकारणामुळे हे सगळं कधीही थांबेल मग यात आयुष्य घालावं का. थांबतं, हे खरंय. १९६९ मध्ये फ्रान्सशी करार झाला, त्यांच्या रॅप्सोडी रिअ‍ॅक्टरच्या धर्तीवर आपला कल्पाक्कमचा छोटा फास्ट रिअ‍ॅक्टर एफबीटीआर, आपले इंजिनिअर फ्रान्समधल्या कादाराशला जाऊन राहिले, शिकले. १९७४ ला पोखरण झालं आणि ठरलेलं एनरिच्ड युरेनियमचं इंधन येणं बंद. मग काय केलं, ट्रॉम्बेला बसून प्लुटोनियम-युरेनियमचं मिक्स्ड कार्बाइड इंधन बनवलं, ७० टक्के प्लुटोनियम कार्बाइड, असलं इंधन ड्रायव्हर फ्युएल (कोअर चालवणारं मुख्य इंधन) म्हणून जगात कुणी वापरलेलं नव्हतं. कार्बाइड पावडर हवेत पेट घेते, म्हणजे सगळं काम इनर्ट वायू भरलेल्या बंद ग्लोव्ह बॉक्समध्ये. ऑक्टोबर १९८५ ला एफबीटीआर क्रिटिकल झाला, छोट्या कोअरने सुरू केला, आणि पूर्ण ४० मेगावॉट गाठायला २०२२ उजाडलं. त्या कार्बाइडने टनामागे १६५ गिगावॉट-डे बर्नअप (इंधनातून काढलेली उष्णता) दिला. मी हे अभिमानाने सांगतोय पण त्याची दुसरी बाजूही बघ, डिझाइन जिथून आलं तिथे बसून शिकलेली माणसं आपल्याकडे होती म्हणून इंधन थांबलं तरी काम थांबलं नाही. माणसात गेलेलं ज्ञान कुणाला परत मागता येत नाही.

पुढे २००६ च्या सेपरेशन प्लॅनमध्ये (अमेरिकेशी अणुकरारासाठी नागरी आणि लष्करी प्लँट वेगळे करण्याच्या योजनेत) एफबीटीआर आणि त्याचा मोठा भाऊ पीएफबीआर दोन्ही सेफगार्डच्या, म्हणजे आयएईएच्या तपासणीच्या, बाहेर ठेवले, तेव्हाचे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. काकोडकरांनी त्यावेळी जाहीरपणे तशी भूमिका घेतली होती. मला ती पटते. पण तिची किंमत आहे आणि ती तुझ्यासारख्यांना रोज जाणवणार. जेन-४ फोरममध्ये (नव्या पिढीच्या रिअ‍ॅक्टरवर एकत्र काम करणाऱ्या देशांच्या गटात) आपण नाही. अमेरिकेचे प्लँट डायनॅमिक्सचे कोड सहज मिळत नाहीत, त्यांचे एक्सपोर्ट कंट्रोलचे नियम आडवे येतात, म्हणून कल्पाक्कमने डायना-पी सारखे आपले कोड लिहिले. अशात आयएईएचे बेंचमार्क हीच ती जागा उरते जिथे आपला कोड दुसऱ्याच्या खऱ्या रिअ‍ॅक्टरवर घासून बघता येतो, फेनिक्स, मोंजू, ईबीआर-२, चीनचा सीईएफआर, सगळीकडे. आणि हे फक्त आपल्याच नशिबी आहे असंही समजू नकोस, फ्रान्स आणि जपान अ‍ॅस्ट्रिड या नव्या सोडियम रिअ‍ॅक्टरच्या कामात एकत्र होते, २०१९ मध्ये फ्रान्सने तो बाजूला ठेवला आणि जपानच्या लोकांना नव्याने जोडीदार शोधावे लागले, आता ते अमेरिकेच्या नेट्रियम रिअ‍ॅक्टर प्रकल्पाबरोबर आहेत.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घे. काय पाठवायचं आणि काय नाही हे स्वतः ठरवू नकोस. बाहेरच्या रिअ‍ॅक्टरवरचं तुझं कॅल्क्युलेशन ठीक, पण आपल्या इंधनाचे गुणधर्म, आपल्या प्लँटची ड्रॉइंग, ऑपरेशनचा डेटा, यातलं काहीही मेलमध्ये जाण्याआधी गाइडची लेखी परवानगी हवी. कुणी कॉफी पिताना सहज विचारलं तरी ‘विचारून सांगते’ एवढंच म्हणायचं. समोरचाही त्याच्या देशात हेच करतो, कुणाला राग येत नाही.

पोस्टडॉकला बाहेर जाऊ की कल्पाक्कम, हे विचारलंयस. माझं मत स्पष्ट आहे, आधी जिथे सोडियम वाहतं तिथे जा, मग कुठेही जा. सहा महिने का होईना एखाद्या सोडियम लूपवर काम कर. ९८ डिग्रीला वितळणारा धातू, म्हणजे लूप भरायच्या आधी प्रत्येक पाइपला हीटर, आणि एक हीटर गेला तर तिथेच गोठून बसतो. प्लगिंग मीटर चालताना बघ, बारीक भोकांतून सोडियम सोडत हळूहळू गार करायचं, ऑक्साइड साचून ज्या टेम्परेचरला प्रवाह पडतो त्यावरून कळतं आत ऑक्सिजन किती आहे, मग कोल्ड ट्रॅपमधून (गार करून ऑक्साइड अडकवणाऱ्या टाकीतून) ते साफ करायचं. हे एकदा हाताखालून गेलं की बेंचमार्कच्या कागदात ‘इनलेट टेम्परेचर स्थिर होतं’ असं वाचल्यावर तुला आपोआप विचारावंसं वाटेल, किती वेळ स्थिर, कोणत्या थर्मोकपलवर. हे प्रश्न विचारणारी मुलं बाहेर सगळ्यांना हवी असतात.

फेलोशिपचे फॉर्म भरायचे ते भर, त्याबद्दल वेगळं लिहीन, शिफारसपत्र माझ्याकडून आहेच.

तर आत्ता एवढंच कर. कोएफिशंट होते तिथे ठेव. शेजारच्या सबअसेंब्लीची उष्णता बंद करून एक रन आणि चालू करून एक रन घे, फरक बघ, माझा अंदाज आहे तुझं वर गेलेलं पीक तिथेच कुठेतरी आहे, पण अंदाजच आहे. गृहीतकांची यादी जमा करायच्या आधी मला पाठव, शनिवारी दुपारी मोकळा आहे, बसून ओळ न ओळ बघू. सीनियरला माझं नाव सांग हवं तर, त्याच्याशी मी बोलतो.