हरिपाठाला न बसणाऱ्या मुलाबद्दल

तुम्ही विचारलंय की घरात रोज संध्याकाळी हरिपाठ होतो, १३ वर्षांचा मुलगा बसायला तयार नाही, तर वडील म्हणून सक्ती करावी का? केली तर प्रेम जाईल आणि नाही केली तर श्रद्धा जाईल, अशी भीती तुम्ही लिहिली आहे.

सक्ती करू नका. आमच्या घरात ती झालेली आहे, म्हणून लिहिते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, माळकरी. एकादशी कधी मोडली नाही, आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर दरवर्षी पायी पंढरपूर. दिवेलागणीला टाळ वाजले की ज्याने त्याने हातातलं काम टाकून यायचं. १९८७ साली, दादा चौदाचा असताना, एका संध्याकाळी तो आला नाही. मैदानावर खेळत राहिला. अण्णा एवढंच म्हणाले, "ज्याला देव नको, त्याला या घरातलं ताट नको." आईने दादाला वाढलं नाही आणि स्वतःलाही वाढून घेतलं नाही. दोघं उपाशी झोपले. अण्णा जेवले. ते जेवले हे माझ्या मनातून अजून जात नाही.

पुढच्या आषाढीला अण्णांनी त्याला सासवडपर्यंत वारीत नेलं. दिवे घाटात कुणाचं तरी पाच-सहा वर्षांचं पोर अण्णांच्या पाया पडलं. वारीची रीतच आहे, अण्णाही वाकून त्याच्या पाया पडले, "माउली" म्हणाले. दादा शेजारीच उभा होता. घरी आल्यावर रात्री अंथरुणात मला म्हणाला, "त्या पोरात माउली दिसते, माझ्यात नाही दिसत." त्यानंतर नोकरीसाठी घर सोडेपर्यंत तो रोज हरिपाठाला बसला. ओठ हलायचे, बस. अण्णा आणि तात्या, म्हणजे माझे काका, याला वळण म्हणायचे.

२००९ मध्ये अण्णांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. दादा रजा टाकून दोन महिने येऊन राहिला. एका रात्री अण्णांनी डाव्या हाताने टाळांकडे खूण केली. दादाने पोथी न उघडता हरिपाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. तात्या तिथेच होते. तेव्हापासून घरात चार माणसं जमली की ते हेच सांगतात: "बघा, त्या दिवशी ताट दिलं नाही म्हणून पोराला पाठ झालं."

मी दादाला विचारलं होतं. तो म्हणाला, "चाल ऐकलीस ना? ती आईची आहे." खरंच होतं. अण्णांची चाल टाळांवरची, भरभर. दादाने म्हटली ती संथ, आई चुलीपुढे भाकऱ्या थापताना स्वतःशीच म्हणायची ती. आईने त्याला कधी बस म्हटलं नाही. तात्यांनाही कान आहेत, त्यांनीही ऐकलं.

तात्या मला संतांचे दाखले देतात, म्हणून माझाही एक. चोखोबांच्या घरातले सगळे अभंगकर्ते: ते स्वतः, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका आणि मुलगा कर्ममेळा. त्या मुलाने आपल्या हीन मानल्या गेलेल्या जन्माबद्दल विठ्ठलालाच जाब विचारला आहे, आणि ती तक्रार संप्रदायाने अभंग म्हणूनच जपली. तुकोबांची जिजाई विठोबाला शिव्या घालायची आणि तरी नवऱ्याची भाकरी घेऊन भंडारा डोंगर चढायची, असं परंपरा सांगते. या घरांतून कुणाचं ताट काढून घेतल्याची कथा मी कधी कीर्तनात ऐकली नाही.

तुम्ही तुमचा हरिपाठ ठरल्या वेळी म्हणा, मुलगा असो नसो. जेवायला मात्र त्याच्याशिवाय बसू नका. त्याने देवाबद्दल आडवं विचारलं तर रागावू नका, तो निदान विचारतोय.

पाच-सहा वर्षांच्या मुलांचं वेगळं, त्यांना मांडीवर घेऊन बसवावं, टाळ त्यांना आवडतात. आणि हरिपाठ चालू असताना तो मोबाइल मोठ्याने लावत असेल तर आवाज बंद करायला जरूर सांगा, त्याचा श्रद्धेशी काही संबंध नाही. अण्णा दुष्ट नव्हते, हेही लिहायला हवं. पोराचा परमार्थ बुडेल, याची त्यांना खरीच भीती होती. तुमच्या प्रश्नातही मला तीच दिसली.

मुलाच्या आईला काय वाटतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिला आधी विचारा.