शिट्टी कपाटात टाकण्याआधी वाच

अरे, तुझा मेसेज दोनदा वाचला. बोलताना अडखळतो, पोरं हसतात, जिमवाले मॅनेजर करतायत, कोचिंग सोडू का, सर काय करू. राग आला, पण तुझा नाही, माझाच.

अमॉस अलोन्झो स्टॅग, अमेरिकेतला कोच, जन्म 1862. येल युनिव्हर्सिटीत पाद्री व्हायचं म्हणून शिकत होता पण चारचौघांसमोर बोलणं काही जमेना, म्हणून ते सोडून स्प्रिंगफील्डला वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये गेला, तिथल्याच नेस्मिथ नावाच्या मास्तरने 1891 च्या शेवटी बास्केटबॉल काढला. 11 मार्च 1892 ला पहिली जाहीर मॅच, मास्तर विरुद्ध पोरं, मास्तर 5-1 ने हरले आणि मास्तरांचा तो एकुलता एक पॉइंट स्टॅगचा. बाकी वेळ गडी अमेरिकन फुटबॉलच्या (हातात बॉल घेऊन पळायचं, तो) सवयीने ढकलाढकली करून फाउल करत होता म्हणे! त्याच वर्षी शिकागो युनिव्हर्सिटीत फुटबॉल कोच झाला, नवीकोरी युनिव्हर्सिटी, खेळाडू पुरेनात, तर कोच स्वतःच टीममध्ये उतरला. बोलता येत नव्हतं ना, मग उतरला. मैदान सोडलं नाही, एवढंच.

1905 आणि 1913 ला त्याची टीम एकही मॅच हरली नाही. पण मला ते नाही सांगायचं. 70 वय झालं म्हणून शिकागोने घरी बसवलं, तर हा बिऱ्हाड उचलून कॅलिफोर्नियात स्टॉकटनला दुसऱ्या कॉलेजात, आणि 1943 ला, 81 व्या वर्षी, देशातला कोच ऑफ द इयर. तिथलं संपल्यावर पोराच्या टीमला मदत करायला गेला. मैदान सोडलं नाही रे.

मी सोडलं. 34 व्या वर्षी खुर्ची घेतली, मग टूर्नामेंटच्या फायली आणि टीए बिलं. घरी लहान पोरगी, डोक्यावर हप्ते. कारणं सांगतोय म्हणशील, हो सांगतोय, पण हप्ते खोटे नव्हते. ते कधीच फिटले, मी मात्र तिथेच बसून राहिलो.

आणि पोरं हसतात तर हसू देत की! परवा तू त्या बारक्याचं कोपर धरून शॉट दाखवत होतास, तोंडातून एक शब्द नाही, आणि पुढचे तीन बॉल त्याने आत टाकले. मी जाळीबाहेरून बघत होतो.

जिमला अजून हो म्हणू नकोस. बुधवारी सहाला ये, बॉल सगळे बसलेत, पंपाची पिन माझ्याकडे आहे.