चोपडा तालुक्यातल्या खेड्यात रात्री हार्ट अटॅक आला तर काय करायचं, आणि पैशांचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील साठीचे, शुगर-बीपी दोन्ही, घर जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्याही आत सातपुड्याच्या पायथ्याशी. केशरी रेशन कार्ड आहे, विमा नाही. रात्री छातीत दुखायला लागलं तर न्यायचं कुठं आणि पैसे आणायचे कुठून?

भाऊ, हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. पहिल्या दोन तासांत गाडी कोणत्या दारात थांबते, त्यावर पेशंटचं वाचणंही ठरतं आणि बिलही.

आधी ओळख. आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ खातं ते एक वाक्य: ‘काही नई, गॅस शे.’ रात्री भरीत झालेलं असतं, सोबत कळण्याची भाकर आणि ठेचा, मग सोडा दे, ओवा दे करत दोन तास जातात. मे महिन्यात हेच ‘ऊन लागलं’ या नावाखाली होतं. हृदयाचं दुखणं माणसाला सहसा एका बोटाने दाखवता येत नाही, तो अख्खी मूठ किंवा पंजा छातीवर ठेवतो. दाब पडल्यासारखं, आवळल्यासारखं वाटतं, कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाते, अंगाला थंड घाम फुटतो. शुगरवाल्यांचं अवघड असं की कधी दुखतच नाही. अचानक दम लागणं, घाम, उलटी, एकदम गळून जाणं एवढंच दिसतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हे दुसरं चित्र जास्त लक्षात ठेवा. दहा मिनिटांत थांबलं नाही, की निघायची तयारी. सकाळची वाट बघायची नाही.

घरात करायचं ते थोडंच आहे. त्यांना टेकून अर्धवट बसवा, चालवू नका. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेण्याची आपली पद्धत अशा वेळी घातक आहे. बसायला-सावरायला लागणारा जोर हृदयावर पडतो, आणि वाटेत ते कोसळले तर छाती दाबायला कोणी मोकळं नसतं. ॲस्पिरिन ३०० ते ३२५ मिलिग्रॅम चावून खायला द्या. पाण्यात विरघळणारी ३२५ची एक गोळी, किंवा रोजची ७५ची असेल तर चार. ७५च्या गोळीवर बहुधा वेष्टण असतं, म्हणून गिळायची नाही, चावायची. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, पोटात अल्सरचा रक्तस्राव झालेला असेल तर देऊ नका. तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, जीभ अडखळतेय असं असेल तर मुळीच नाही. तो लकवा, आणि मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

सॉर्बिट्रेट या हृदयाच्या गोळीबद्दल मुद्दाम लिहितो, कारण गावात कोणाच्या तरी खिशात ती असतेच. जिभेखाली ठेवली की बीपी पडतं. बीपी आधीच कमी असेल किंवा हृदयाच्या उजव्या बाजूचा अटॅक असेल तर त्याच गोळीने माणूस कोसळतो. ईसीजी आणि बीपी बघितल्याशिवाय ती देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बेशुद्ध झाले, हाक दिली तर ओ देत नाहीत, श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत (आचके म्हणजे श्वास नव्हे), तर कडक जमिनीवर झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करा. खोली ५ ते ६ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, नाहीतर दाबणारा दमतो आणि खोली कमी होते, हे त्याचं त्याला कळतही नाही.

१०८ला फोन लावताना एक गोष्ट लक्षात घ्या: फोन उचलणारा पुण्याच्या कंट्रोल रूममध्ये बसलेला असतो, त्याला तुमचं गाव माहीत नसतं. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग फाटा किंवा मोठी खूण. ‘छातीत दुखतंय, घाम आलाय, शुगरचे पेशंट आहेत’ असं एका दमात सांगा आणि गाडी किती मिनिटांत येईल ते विचारा. तो फोन मोकळा ठेवा आणि एक जण बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा. गाडी फुकट असते. पण वेळ तासाच्या घरातली सांगितली तर गावातली ईको-बोलेरो काढा, आणि ॲम्ब्युलन्स वाटेत गाठू शकेल का तेही विचारून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. थेट जळगाव की आधी चोपडा? बहुतेक जण थेट जळगाव म्हणतात. मी आधी चोपडा म्हणेन. मोठ्या अटॅकमध्ये हृदयाची नळी गुठळीने बंद झालेली असते. निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत ॲंजिओप्लास्टी (तार घालून फुग्याने नळी उघडणं) होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यायचं, हा जगभरचा नियम आहे. चोपडा-जळगाव पन्नासेक किलोमीटर. त्यात रात्री डॉक्टर घरून येणं, कॅथलॅबची (जिथे ॲंजिओप्लास्टी करतात ती खोली) माणसं जमणं, सह्या होणं. दोन तास कधी उलटले कळत नाही. हे इंजेक्शन (स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज) १२ तासांपर्यंत देता येतं, पण खरा फायदा पहिल्या ३ तासांत. ते देऊन मग जळगावला हलवायचं आणि ३ ते २४ तासांच्या आत ॲंजिओग्राफी (हृदयाच्या नळ्यांची तपासणी) करायची.

अर्थात हे इंजेक्शन चोपड्यात त्या रात्री मिळत असेल तरच. म्हणून या आठवड्यात चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात स्वतः जाऊन विचारा: रात्री ईसीजी निघतो का, तो वाचून कोण सांगतं, इंजेक्शन साठ्यात आहे का आणि देणारा डॉक्टर रात्री असतो का. उत्तर नाही आलं, तर हेच प्रश्न चोपड्यातल्या फिजिशियनच्या खासगी दवाखान्यात. तिथेही नाही म्हणाले, तर मात्र थेट जळगाव. ईसीजी न काढता सलाईन लावून ‘सकाळी बघू’ म्हणणाऱ्या दवाखान्यात थांबू नका.

पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो असंही नाही. दुखणं चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी परत काढतात. ट्रोपोनिनची (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी) रक्ततपासणी पहिल्या काही तासांत निगेटिव्ह येऊ शकते, तीही परत करावी लागते. आधी कधी मेंदूत रक्तस्राव, अलीकडे लकवा किंवा ऑपरेशन झालं असेल तर इंजेक्शनच्या आधी सांगा. स्ट्रेप्टोकायनेज पूर्वी दिलेलं असेल तर तेही सांगा, ते सहसा दुसऱ्यांदा देत नाहीत. पुढे पाठवताना मूळ ईसीजी आणि इंजेक्शनचं नाव, डोस, वेळ लिहिलेली चिठ्ठी मागून घ्या.

पैशांकडे येऊ. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केशरी कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार रोख न भरता होतात, ॲंजिओप्लास्टी त्यात आहे. लोक अडकतात ते तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे दवाखान्यावरचा योजनेचा बोर्ड. मान्यता विभागवार असते. हाडांसाठी योजनेत असलेला दवाखाना हृदयासाठी असेलच असं नाही. ‘कार्डिओलॉजी योजनेत आहे का?’ असाच प्रश्न विचारा, किंवा १५५३८८ या हेल्पलाइनवर आधीच विचारून जळगावच्या दोन दवाखान्यांची नावं भिंतीवर लिहून ठेवा. दुसरं, योजनेत मंजुरी उपचाराच्या आधी घ्यावी लागते, इमर्जन्सीत ती फोनवरून मिळण्याची सोय आहे. रोख भरून दाखल झालात आणि स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) पडल्यावर कार्ड पुढे केलं तर ते पैसे परत मिळवणं जवळजवळ अशक्य. म्हणून दारातच सांगा: ‘योजनेतून ॲडमिट करा, आरोग्यमित्राला बोलवा.’ आरोग्यमित्र म्हणजे दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस. तिसरं, नावं. रेशन कार्डावर ‘भिका’ आणि आधारवर ‘भिकन’, किंवा विभक्त झाल्यावर वडिलांचं नाव कोणत्याच कार्डात नाही, असले घोळ रात्री दोन वाजता सुटत नाहीत. आत्ता तहसीलला जाऊन दुरुस्त करा. एका पिशवीत मूळ रेशन कार्ड, आधार, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि एखादा जुना ईसीजी ठेवा. जुना ईसीजी असला की नवा बदल कोणता हे डॉक्टरला लगेच दिसतं.

नंदुरबार-नवापूरकडच्यांनी एवढं बघावं: सुरत जवळ पडतं, पण महात्मा फुले योजना तिथे चालेल असं धरून जाऊ नका. केंद्राचं आयुष्मान कार्ड मात्र राज्याबाहेरच्या मान्यताप्राप्त दवाखान्यातही चालतं. सत्तरीपुढच्यांना ते उत्पन्न न बघता मिळतं.

योजनेचा दवाखाना गाठता आला नाही तर? सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय की जीव धोक्यात असलेल्याला कोणताही डॉक्टर, सरकारी असो की खासगी, आधी उपचार देईल. धर्मादाय ट्रस्टच्या दवाखान्यांना उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो सेतूतून आजच काढा. मुख्यमंत्री सहायता निधीलाही तोच दाखला लागतो. तिथला अर्ज पेशंट दवाखान्यात असतानाच करायचा. भरलेल्या बिलाचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

रोख भरायची वेळ आलीच तर बिल तुकड्यातुकड्याने वाचा. स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. औषध लावलेल्या स्टेंटची तेव्हा २९,६०० होती, आता ती चाळीस हजारांच्या आसपास आहे, जीएसटी वेगळा. स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेलं हवं. किती स्टेंट टाकले, तेवढी स्टिकरं मोजा. आयसीयूच्या औषधांपैकी न वापरलेली परत करून ते पैसे वजा करून घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम दवाखान्याला रोख घेता येत नाही, त्यामुळे कापसाचे पैसे घरात असले तरी बँकेतूनच द्यावे लागतील.

उसने काढायचेच तर सोनं मोडू नका, बँकेत तारण ठेवा. शेकडा ३ रुपये महिना ऐकायला थोडं वाटतं, पण ते वर्षाचे ३६ टक्के होतात.

डिस्चार्जनंतरच्या १० दिवसांची औषधं आणि तपासणी योजनेच्या पॅकेजात असते, पुढच्या खर्चाचं आरोग्यमित्राला विचारून घ्या. स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात. महाग पडतात, बरं वाटतंय, दात काढायचाय अशा कारणांनी त्या मनाने थांबवल्या की स्टेंटमध्येच परत गुठळी होते. कंपनीची गोळी परवडत नसेल तर डॉक्टरकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रातून आणा. दात काढायचा असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरला फोन करा.