वाचक विचारतात : कपाटातले टॅब वर्गात कसे येतील?

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा, केंद्रप्रमुख आहे. केंद्रातील बहुतेक शाळा द्विशिक्षकी आहेत. लोकवर्गणीतून आणि एका कंपनीच्या देणगीतून शाळांना टॅब व स्मार्ट टीव्ही मिळाले, शिक्षकांचे प्रशिक्षणही झाले. तरीही भेटीला जावे तर टॅब कपाटात असतात आणि टीव्हीवर कापड असते. सूचना काढली की व्हॉट्सॲप गटावर छायाचित्रे येतात, पण अध्यापन बदलत नाही. शिक्षकांना संमिश्र (ब्लेंडेड) अध्ययनाकडे कसे वळवावे?

उत्तर : छायाचित्रांचा उल्लेख आपण ओघात केला आहे, परंतु निम्मे उत्तर तिथेच आहे. आपण वापराचा पुरावा मागितला आणि शिक्षकांनी तो दिला. मुलांच्या शिकण्यात काय फरक पडला, हे कोणी विचारलेच नाही.

मुळात टीव्हीवर साऱ्या वर्गाला कवितेची चित्रफीत दाखवणे म्हणजे संमिश्र अध्ययन नव्हे. मूल काही वेळ शिक्षकाजवळ बसून शिकते, काही वेळ साधनावर आपल्या गतीने सराव करते आणि त्या सरावात ते कुठे अडले हे पाहून शिक्षक पुढचा पाठ ठरवतो, तेव्हाच या दोन्हींचा मेळ बसतो. हा मेळ नसेल तर साधने कितीही आणली तरी फरक पडत नाही, याचा अनुभव पेरू देशाने घेतला आहे. तेथील ग्रामीण प्राथमिक शाळांत मुलांना लॅपटॉप वाटण्यात आले आणि संगणकांचे प्रमाण दर मुलामागे ०.१२ वरून १.१८ पर्यंत गेले. मात्र सुमारे सव्वा वर्षानंतर भाषा व गणिताच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. याउलट दिल्लीतील ‘माइंडस्पार्क’ केंद्रांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साडेचार महिन्यांतच गणित व हिंदी या दोन्ही विषयांत स्पष्ट प्रगती आढळली. तिथे मूल पाऊण तास संगणकावर स्वतःच्या पातळीचा सराव करी आणि पाऊण तास लहान गटात शिक्षकासमोर बसे. ती मुले माध्यमिक वयाकडे झुकलेली होती आणि केंद्रे शाळेबाहेरची होती. त्यामुळे तिसरीच्या वर्गाला तो नमुना जसाच्या तसा लावू नये. त्यातून मांडणी कशी असावी एवढे मात्र घ्यावे.

आता आपल्या शिक्षकांकडे वळू. द्विशिक्षकी शाळेतील शिक्षकाची खरी अडचण तंत्रज्ञान ही नसते. तिसरीला वजाबाकी शिकवताना पहिली-दुसरीचे काय करायचे, ही असते. त्या वेळेत मुले पाढे लिहितात, पाटीवर अक्षरे गिरवतात आणि थोड्याच वेळात वर्गात गलका सुरू होतो. या अडचणीवरचा उपाय म्हणून टॅब पुढे ठेवला तर शिक्षक तो घेईल; ‘डिजिटल शाळा’ म्हणून ठेवला तर घेणार नाही. वर्गाचे तीन गट करावेत. एक गट शिक्षकाजवळ, दुसरा जोडी-जोडीने टॅबवर आणि तिसरा मणी, काड्यांचे दशक, शब्दपट्ट्या अशा साहित्याबरोबर. वीस मिनिटांनी गटांनी जागा बदलाव्यात. चार टॅबवर आठ मुले बसतात, म्हणजे प्रत्येक मुलामागे टॅब हवा असे मुळीच नाही. आणि एक गोष्ट प्रशिक्षणात सहसा कोणी सांगत नाही : पहिला पंधरवडा टॅब न काढता नुसती जागा बदलण्याची सवय लावावी. बहुतेक प्रयोग साधनामुळे फसत नाहीत. गट बदलताना उडणाऱ्या गोंधळामुळे फसतात, आणि मग दोष टॅबच्या माथी येतो.

शिक्षकांचे मन वळवण्याबाबत आपली एक समजूत पक्की असते : आधी प्रशिक्षण द्यावे, त्याने मत बदलेल आणि मत बदलले की अध्यापन बदलेल. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ थॉमस गस्की यांनी १९८६ मध्येच हा क्रम उलटा मांडला. आपल्याच वर्गातील मुले अधिक शिकू लागली हे शिक्षकाने पाहिले की मग त्याचा विश्वास बसतो. विश्वास आधी येत नाही. महाराष्ट्रालाही हे नवे नाही. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, त्या काळात साताऱ्यातील कुमठे बीट (शिक्षण विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा गट) पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. फरशीवर आखलेल्या तक्त्यांभोवती बसून शिकणारी जिल्हा परिषदेचीच मुले त्यांनी तिथे पाहिली. भाषणांनी जे झाले नसते ते त्या पाहण्याने पुष्कळ अंशी झाले, असे माझे मत आहे. (फरशी रंगवून तेवढ्यावरच थांबलेल्या शाळाही पुढे कमी निघाल्या नाहीत, हेही खरे.)

म्हणून सर्व शाळांना एकदम सूचना काढू नका. ज्या दोन शाळांतील शिक्षकांची स्वतःहून इच्छा आहे, त्यांच्यापासून सुरुवात करा. एकच विषय, एकच तासिका. भेटीच्या दिवशी मागे खुर्ची टाकून बसण्याऐवजी साहित्याच्या गटाजवळ जमिनीवर बसा, म्हणजे शिक्षकाला आपल्या गटाकडे निश्चिंतपणे लक्ष देता येईल. त्या सत्रात या तासिकेविषयी शेरेबुकात काहीही लिहू नका, कारण शेरा पडणार म्हटले की शिक्षक प्रयोग करत नाही, प्रयोग दाखवतो. केंद्रातील शिक्षकांची पुढची शिक्षण परिषद त्याच शाळेत, मुलांसह चालू वर्गात घ्या, आणि तालीम केलेला आदर्श पाठ मागू नका. गट बदलताना उडालेला गोंधळही इतर शिक्षकांना दिसू द्या. माहिती भरण्याची जी कामे वरून येतात ती थांबवणे आपल्या हाती नाही, हे मी जाणतो. निदान आपण स्वतः मागितलेली छायाचित्रे आजपासून बंद करा.

प्रश्न : मी शहरातील एका अनुदानित प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. निवृत्तीला आलेल्या दोन शिक्षिका ‘आमच्या हाताने झालेले शिक्षणच खरे’ असे म्हणतात, तर पालक म्हणतात की मुलांना आधीच मोबाईलचे वेड आहे. दोघांनाही काय सांगावे?

उत्तर : त्या शिक्षिकांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे, ते आधी मान्य करा. पहिलीतील मुलाला अक्षराचा आवाज, ओठांची हालचाल आणि बोटाखालची पाटी जे देते ते पडदा देत नाही. म्हणून त्यांना टॅब शिकण्याचा आग्रह करूच नका. शिक्षकाजवळचा गट त्यांच्याकडे आणि साधनांचा गट तरुण सहकाऱ्याकडे, अशी जोडी लावा. कोण कुठे अडले याची नोंद मात्र दोघींनी रोज एकाच वहीत करावी, कारण ज्येष्ठ शिक्षिकेची नजर त्या नोंदीतच कामी येते. काही महिन्यांनी त्या स्वतःहून टॅब मागतील किंवा मागणार नाहीत. वर्गाचे काम दोन्ही परिस्थितींत चालेल.

पालकांच्या मनात टाळेबंदीतील ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’चे दिवस आहेत, ब्लेंडेड म्हटले की त्यांना पुन्हा दिवसभर हातात मोबाईल दिसतो. केंद्र सरकारच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी ऑनलाइन वर्गांची मर्यादा दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रे अशी घातली होती. प्राथमिक वर्गात आपल्याला त्याहून पुष्कळ कमी, साधारण वीस मिनिटे पुरतात, आणि तीही जोडीदाराबरोबर बोलत. ही मर्यादा लेखी ठरवून पालकसभेत सांगा आणि गृहपाठ मोबाईलवर न देण्याचे शाळेने ठरवले आहे, हेही सांगा. पालकांना एक तासिका वर्गात बसून पाहू दिली तर बऱ्याच शंका तिथेच मिटतील.

प्रश्न : आमच्या वाडीत रेंज नाही आणि वीजही वरचेवर जाते. अशा शाळेने काय करावे? मुलांना घरी चित्रफीत पाहून यायला सांगता येईल का?

उत्तर : घरी पाहून यायला सांगू नका. वाडीतला मोबाईल बहुधा वडिलांचा असतो आणि तो त्यांच्याबरोबर शेतात किंवा कामावर जातो. पाहून न आलेली मुले दुसऱ्या दिवशी वर्गात मागे पडतात, आणि ती नेमकी तीच असतात ज्यांना मदत सर्वांत जास्त हवी असते.

रेंज नसणे हा त्या मानाने लहान प्रश्न आहे. ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवरील पुष्कळसे साहित्य आधी उतरवून ठेवता येते आणि नंतर इंटरनेटशिवाय चालते. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून त्या पाठाचे साहित्य शोधावे आणि आठवड्याला लागेल तेवढेच, तालुक्याच्या गावी गेले असता उतरवून आणावे. शंभर चित्रफिती भरून ठेवल्या तर वर्गात शोधण्यातच वेळ जातो. पुस्तकांत क्यूआर कोड आणण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी आधी स्वतःच्या वर्गासाठी राबवली होती. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना नंतर मिळाला. विजेसाठी टॅब शाळेतच, वीज असेल तेव्हा चार्ज करण्याची पाळी ठरवावी आणि संमिश्र तासिका सकाळच्या सत्रात ठेवावी. ज्या दिवशी टॅब बंद असतील त्या दिवशी तो गट जोडीवाचन करेल, हे मुलांना आधीच माहीत असावे.