मीटर सुधारला, मग सिग्नल का घटला? : हॅम (हौशी रेडिओ) वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मोहोळ तालुक्यातील आमच्या शेतावर मी ८० मीटर तरंगलांबीच्या रेडिओ पट्ट्यासाठी उलट्या 'एल' आकाराची अँटेना उभारली आहे. तार १० मीटर सरळ वर जाते आणि तेथून जवळपास तेवढीच आडवी लिंबाच्या झाडाकडे जाते. अँटेनेच्या बुंध्याशी १२ रेडियल, म्हणजे तेथून चहूकडे पसरलेल्या तारा, वीतभर खोल पुरलेले आहेत. डिसेंबरात एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते हे सांगणारा आकडा; १.० सर्वांत उत्तम) १.७ येत होता. मे महिन्यात काहीही न करता तो १.१ झाला. मला आनंद झाला, पण रात्री नेहमी भेटणारे सगळे मित्र 'तुमचा सिग्नल पडला आहे' असे सांगतात. मीटर खोटा समजावा की मित्र?

उत्तर : दोघेही खरे बोलत आहेत. आपल्या सेटला समोर ५० ओहमच्या जवळपासचा भार दिसतो आहे की नाही, एवढेच एसडब्ल्यूआर मीटर सांगतो. त्या भारात गेलेली शक्ती आकाशात गेली की मातीत जिरली, हे त्याला कळत नाही. अँटेनेऐवजी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे नुसता रोध, जोडला तर मीटर १.० दाखवतो आणि आपला आवाज शेजारच्या वस्तीपर्यंतही पोहोचत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचा हिशेब सोपा होतो.

८० मीटरवर उभी तार फक्त १० मीटर असली की तिचा उत्सर्जन-रोध, म्हणजे शक्ती लहरींच्या रूपाने बाहेर टाकणारा रोध, सुमारे १८ ओहम धरता येतो. त्यात शक्ती मातीत जिरवणारा जमिनीचा रोध मिळवायचा. डिसेंबरात तो १२ ओहम असेल, तर एकूण ३० ओहम होतात आणि मीटर १.७ च्या आसपास दाखवतो. या स्थितीत १०० वॅटपैकी ६० वॅट खरोखर बाहेर पडतात. आता जमिनीचा रोध वाढून २८ झाला असे समजा. एकूण ४६ ओहम झाले, मीटर १.१ वर आला, आणि बाहेर पडणारी शक्ती मात्र ३९ वॅटवर उतरली. म्हणजे आपण ज्याला सुधारणा समजलात ती जवळपास दोन डेसिबलची तूट आहे. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, पण डिसेंबर आणि मे या दोन्ही वेळचे आपले मीटरवाचन त्यांत इतके नेमके बसते की दुखणे जमिनीत आहे याबद्दल मला शंका वाटत नाही.

जमिनीत काय झाले असेल, हे काळ्या रानात शेती करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. सप्टेंबरच्या पावसाची ओल धरून असलेली काळी माती हिवाळ्यात रेडियलला घट्ट कवटाळून बसते; तीच माती एप्रिल-मे मध्ये आकसते, भेगाळते आणि भेगेच्या दोन्ही काठांनी धरून ठेवलेली बारीक तार मधोमध ताणली जाते. माझ्या स्वतःच्या पहिल्या उभ्या अँटेनेचे असेच झाले होते. एका उन्हाळ्यात शंका आली म्हणून मी बुंध्याजवळचा एक रेडियल हलकेच ओढला, तर दीड मीटरचा तुकडा अलगद हातात आला. टोक तुटताना बारीक होत गेलेले होते आणि त्यावर हिरवट कीट चढलेला होता. उरलेली तार भेगेच्या पलीकडे तशीच पडून होती, अँटेनेशी तिचा काडीचाही संबंध उरलेला नव्हता. भेगांबरोबरच कुळवाचाही विचार करावा, कारण वीतभर खोलीवरची तार कुळवाच्या फासाला हमखास सापडते आणि औत हाकणाऱ्याला ते कळतही नाही.

तपासणीसाठी खणत बसण्याची गरज नाही. एका फेराइट कड्यावर दहा-बारा वेढे घेऊन त्याला एक डायोड, एक लहान कंडेन्सर आणि सूक्ष्म विद्युत्प्रवाह दाखवणारा काट्याचा मीटर जोडावा, आणि दहा-वीस वॅटचा अखंड कॅरियर (आवाजाशिवायचा नुसता सिग्नल) देत प्रत्येक रेडियल बुंध्याजवळ त्या कड्यातून आळीपाळीने ओवून पाहावा. हे काम दोघांनी करावे, म्हणजे तार ओवताना सेट बंद ठेवता येतो आणि कॅरियर चालू असताना तारेला कोणाचा हात लागत नाही. सगळे रेडियल सारखे असतील तर काटा साधारण सारखाच हलेल. जेथे तो मेल्यासारखा पडून राहील, तो रेडियल तुटलेला समजावा. आपल्या १२ पैकी पाच-सहा तरी असे निघतील असा माझा अंदाज आहे.

दुरुस्ती करताना तेच रेडियल पुन्हा तितक्याच खोल पुरू नयेत. रान पडीक असेल तर ते जमिनीवरच अंथरून लोखंडी तारेच्या आकड्यांनी जागोजागी दाबून ठेवावेत. गवत उगवले की ते आपोआप झाकले जातात. तार ताणून न लावता नागमोडी टाकावी आणि बुंध्याशी प्रत्येकीचा एक सैल वेढा ठेवावा. सगळी टोके एका तांब्याच्या किंवा स्टेनलेसच्या पट्टीवर, डोळ्यांना दिसतील अशी, स्क्रूने आवळावीत. नुसती पिळून त्यांवर टेप गुंडाळू नये. रानात पीक घ्यायचेच असेल, तर मात्र जमिनीचा नाद सोडून २० मीटरचे चार रेडियल डोक्याच्या वर, अडीच-तीन मीटर उंचीवर, बांबूंच्या आधाराने चार दिशांना न्यावेत. ट्रॅक्टरच्या वाटेवर ती उंचीही अपुरी पडते, एवढे पाहून घ्यावे. असे उचललेले चार रेडियल जमिनीत पुरलेल्या कितीतरी अधिक तारांचे काम करतात. त्यानंतर मीटर पुन्हा १.७ किंवा त्याहून वर गेला तर वाईट वाटून घेऊ नये. बुंध्याशी जुळवणीचे लहान वेटोळे बसवले की तो आकडा खाली येतो, आणि या खेपेला तो खरा असतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दोन डेसिबल म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरवरच्या एका घराचा तिसरा हिस्सा. आपले मित्र दोन-तीन घरांची घट सांगत असतील, तर सगळे खापर रेडियलवर फोडता येणार नाही. उन्हाळ्यात रात्र लहान असते, दिवसा ८० मीटरच्या लहरी गिळणारा आयनांबराचा खालचा 'डी' थर उशिरा विरतो आणि वळवाच्या विजांची कडकड मित्रांच्याच रिसिव्हरमध्ये इतकी भरते की आपला सिग्नल तिच्याखाली दबतो. दुरुस्ती आत्ताच करावी, तिचा निवाडा मात्र डिसेंबरात करावा.

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहतो. दुमजली घराची गच्ची १२ मीटर बाय ९ मीटर आहे. नुकताच परवाना मिळाला आहे. ४० आणि ८० मीटर या दोन्ही पट्ट्यांसाठी एकच तारेची अँटेना गच्चीवर बसेल का?

उत्तर : ४० मीटरची बसेल, ८० चा आग्रह सध्या सोडावा. अर्ध-लहरी डायपोलची, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन बाहूंच्या तारेची, मीटरमधील लांबी १४३ ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागून मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती साधारण २०.१ मीटर येते, म्हणजे प्रत्येक बाहू १० मीटरचा. ३.६ मेगाहर्ट्झला हीच लांबी ३९.७ मीटर होते, आणि ती आपल्या गच्चीत बसवायची तर बाहूंमध्ये कॉइल घालावी लागतात, त्यामुळे पट्ट्याचा एक अरुंद तुकडाच हाती लागतो. नवख्या माणसाने पहिल्याच महिन्यात ही कसरत करू नये असे माझे मत आहे.

गच्चीचा कर्ण १५ मीटर भरतो. मधोमध सात मीटरचा खांब उभारून दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत अडीच मीटरचे बांबू बांधले, तर शेंड्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे पावणेनऊ मीटर तार सरळ बसते आणि दोन बाहूंमधला कोन १२० अंशांच्या किंचित आत राहतो. तो या उलट्या 'व्ही'ला मानवतो. उरलेला सव्वा मीटर कोपऱ्यावरून कठड्याला समांतर, पण कठड्यापासून दूर आणि डोक्याच्या वरच, दोरीने ताणून न्यावा. तारेच्या टोकाशी व्होल्टेज सर्वांत जास्त असते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया वाळत असतात, तेव्हा तेथे कोणाचा हात पोहोचता कामा नये. पीव्हीसी आवरणाची तार घेतल्यास तिची जुळणारी लांबी दोन-तीन टक्क्यांनी कमी येते. म्हणून सुरुवातीला थोडी जास्त ठेवून दोन्ही बाजूंनी सारखी कापत जावे. कापलेली तार परत जोडण्याचा कंटाळवाणा उद्योग मी पुष्कळदा केला आहे.

शेंड्यावर केबल थेट न जोडता १:१ चा चोक बालन (केबलच्या बाहेरून परतणारा प्रवाह अडवणारा भाग) लावावा. त्यासाठी ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचे फेराइट कडे खालच्या पट्ट्यांवर उत्तम चालते. केबलचेच गोल वेढे करून ठेवण्याची पद्धत येथे तोकडी पडते. ही अँटेना आपली शक्ती बरीचशी सरळ वर फेकेल, त्यामुळे दिवसा पुणे, कोल्हापूर, हैदराबाद ही स्थानके चांगली मिळतील. खांब किंवा तार पडली तरी विजेच्या तारेपर्यंत पोहोचणार नाही, अशीच जागा निवडावी. आपल्या भागापासून होटगी रस्त्यावरचा विमानतळ फार दूर नाही. म्हणून पुढे मोठा मनोरा उभारण्याची इच्छा झाली, तर आधी उंचीची परवानगी विचारावी.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यालगत आमचे घर आहे आणि भोवती यंत्रमाग आहेत. ४० आणि ८० मीटरवर एस-९ इतका गोंगाट सतत असतो. मोठी अँटेना लावली तर फरक पडेल का?

उत्तर : पडेल, पण गोंगाटही मोठा होईल. आपल्याला ऐकण्यासाठी वेगळी अँटेना हवी आहे. त्याआधी मात्र दोषी कोण ते ठरवावे. सेट बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच बंद करावा. आम्ही सगळेच यंत्रमागांना दोष देतो, पण मी ज्या घरांत ही चाचणी केली त्यांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी मुख्य गुन्हेगार घरातच सापडला : एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, मोबाइलचा स्वस्त चार्जर किंवा इन्व्हर्टर. गोंगाट तरीही राहिला, तर पूर्ण परिसराची लाइट जाण्याची वाट पाहावी. इतरांच्या त्या गैरसोयीच्या अर्ध्या तासात आपला पट्टा कसा शांत होतो, हे एकदा ऐकून ठेवण्यासारखे आहे.

बाहेरच्या गोंगाटासाठी सुमारे एक मीटर व्यासाचे फिरवता येणारे लूप, म्हणजे तारेचे गोल कडे, करावे. त्याच्या दोन बाजूंना जवळपास बहिरे कोन असतात. त्यातला एक गोंगाटाच्या दिशेला वळवला की तो लक्षणीय उतरतो. सिग्नलही उतरतो, पण कमी, आणि ऐकताना महत्त्व त्या दोहोंतील फरकाला आहे. १९२१ च्या सुमारास अमेरिकन अभियंते हॅरल्ड बेव्हरेज यांनी याच विचाराने जमिनीलगत नेलेली लांब तार वापरली, पण १६० मीटरसाठी ती निदान तेवढीच लांब लागते. ती मोहोळच्या वाचकांना शोभेल, आपल्याला नाही.

प्रश्न : संक्रांतीच्या दिवसांत मांजाने माझ्या डायपोलची दोरी कापली. नायलॉनऐवजी काय वापरावे? पावसाळ्यापूर्वी आणखी काय पाहावे?

उत्तर : मांजापुढे कोणतीच दोरी टिकत नाही, त्या आठवड्यात अँटेना खाली घेणे बरे. एरवी नायलॉन आपल्या उन्हात भुसभुशीत होते आणि ओले झाले की सैल पडते, म्हणून पॉलिस्टरची विणलेली दोरी घ्यावी. पावसाआधी गच्चीवरचा प्रत्येक कनेक्टर उघडून पाहावा. आतली जाळी चकचकीत तांबूस असेल तर ठीक. काळवंडलेली असेल तर पाणी शिरलेले आहे आणि ते जाळीतून पुढे झिरपत जाते, तेव्हा केबल निदान हातभर मागे कापावी. अशी भिजलेली केबलसुद्धा शक्ती आतच जिरवून मीटरवर सुंदर आकडा दाखवते. नवा कनेक्टर रबराच्या स्वतःलाच चिकटणाऱ्या टेपने खालून वर गुंडाळत आणावा, म्हणजे थरांच्या कडा कौलांसारख्या खाली तोंड करून राहतात; त्यावर साधी काळी टेप लावावी. पश्चिमेला ढग दिसले, की गडगडाट ऐकू येण्याची वाट न पाहता केबल सेटपासून काढून खिडकीबाहेरच्या अर्थिंगच्या पट्टीला जोडावी. ढग डोक्यावर आल्यानंतर मात्र तिला हात लावू नये.