गाय चारा खात नाही; डॉक्टर येईपर्यंत काय बघून ठेवावं?

चार गोष्टी बघून ठेवा: ताप, रवंथ, शेण आणि व्याल्याची तारीख. मी पशुवैद्यक आहे, फोनवर पहिल्यांदा हेच विचारतो. थर्मामीटर गुदद्वारात भिंतीला टेकेल असं तिरकं धरून दोन मिनिटं ठेवा; नुसतं शेणात खुपसलं तर आकडा चुकतो. मोठ्या गाईचं साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट धरा. मग डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून घड्याळ लावा. दोन मिनिटांत दोन-तीनदा मूठ आतून उचलली गेली तर पोट चालू आहे. व्याल्यापासून तीन दिवसांच्या आत गाय बसली, कान गार आणि ताप नाही, तर दुग्धज्वराची, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटल्याने होणाऱ्या आजाराची, शंका येते. नाव ज्वर असलं तरी यात ताप नसतो! अशा वेळी थांबू नका, लगेच फोन करा.

माहितीत मात्र काही लपवू नका. ‘वेगळं काहीच खाल्लं नाही’ असं सांगतात आणि अर्ध्या तासाने कळतं, लग्नातला उरलेला भात पाटीभर घातला होता. त्याने पोटात आम्ल वाढतं, उपचारच बदलतात. आधी दिलेल्या औषधाची रिकामी बाटलीही जपून ठेवा.

उन्हातून आलेल्या गाईचा ताप लगेच मोजू नका, अर्धा-एक तास सावलीत बांधून मग बघा. आणि बसलेल्या गाईला तेल, काढा पाजू नका, फुफ्फुसात जातो.